लाल पंप, हिरवा पंप : वेगवेगळ्या विषयांची माणसं एकत्र काम करतात तेव्हा

२००० नंतरची दोन-तीन वर्षं बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये एक वेगळीच रंगरंगोटी चालू होती. छोटी पेटी घेतलेली माणसं दारोदार जायची, अंगणातल्या हातपंपाचं पाणी बाटलीत घ्यायची, त्यात पूड टाकायची, बाटलीच्या तोंडाशी कागदाची पट्टी बसवायची आणि थोड्या वेळाने पट्टीवर उमटलेला डाग तक्त्यातल्या रंगांशी ताडून बघायची. मग पंपाला रंग लागायचा. लाल असेल तर हे पाणी पिऊ नका, हिरवा असेल तर प्या. असे जवळपास ५० लाख पंप तपासले गेले आणि त्यांतले सुमारे १४ लाख लाल निघाले.

एखादा सामाजिक प्रश्न सोडवायला पाच-सहा विषयांची हुशार माणसं एका टेबलाभोवती बसवली तरी गाडी का अडते, हे समजून घ्यायला या पंपाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. म्हणून आधी त्याची गोष्ट नीट सांगतो.

सत्तरच्या दशकापर्यंत तिथले बरेचसे लोक तळ्यांचं आणि डबक्यांचं पाणी प्यायचे. त्यातून जुलाब, कॉलरा आणि लहान मुलांचे मृत्यू. जमिनीखालचं पाणी गाळून वर येतं, त्यात जंतू कमी असतात, म्हणून युनिसेफच्या मदतीने सरकारने हातपंप बसवायला सुरुवात केली. लोकांनाही ते इतके पटले की पुढे बहुतेक पंप त्यांनी स्वतःच्या खिशातून बसवले. १९९३ मध्ये कळलं की या पाण्यात आर्सेनिक आहे. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी त्वचेवर काळे-पांढरे ठिपके येतात, तळहात आणि तळपाय जाड, खरखरीत होतात, आणि पुढे त्वचा, फुप्फुसं, मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली आलेल्या लेखात याला इतिहासातली सर्वात मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं होतं. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेबारा कोटींच्या आसपास होती. त्यांतल्या साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका आहे, असा अंदाज त्या लेखात होता.

आता हा प्रश्न नेमका कोणाचा? आर्सेनिक खडकांतून आलेलं, म्हणजे भूगर्भशास्त्राचा. ते पाण्यात का उतरतं हे रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र सांगणार. गाळातली लोहाची ऑक्साइडं आर्सेनिकला धरून ठेवतात, सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ फस्त करताना प्राणवायू संपवतात, मग ती ऑक्साइडं विरघळतात आणि आर्सेनिक मोकळं होतं. ठिपके ओळखणार त्वचारोगतज्ज्ञ. किती लोक, किती वर्षं, किती धोका हा हिशेब साथरोगतज्ज्ञाचा. दुसरा पंप बसवणार इंजिनिअर. त्याचा खर्च कोण करणार, हे अर्थतज्ज्ञ बघणार. आणि लाल पंप सोडून शेजाऱ्याच्या हिरव्या पंपावर बाई पाणी भरायला जाईल का, गेली तर तिला भरू देतील का, हे कळायला त्या घरात जाऊन बसणारं कोणीतरी हवं.

यांतला प्रत्येक जण आपल्या जागी हुशार आहे आणि प्रत्येकाची नियत साफ आहे, असं आपण गृहीत धरू. असल्या लेखांमध्ये सगळं खापर अहंकारावर फोडायची पद्धत आहे. अहंकार असतोच, पण तो काढून टाकला तरी अडचण उरते, आणि खरं तर तीच जास्त अवघड असते.

सीमेपलीकडे, पश्चिम बंगालमध्ये, कोलकात्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञाने १९८३ मध्येच रुग्णांच्या त्वचेवरच्या ठिपक्यांचा संबंध भूजलातल्या आर्सेनिकशी जोडला होता. तीच नदीखोरी, तोच गाळ. तरी बांगलादेशातल्या पंपांपर्यंत ही शंका पोचायला आणखी १० वर्षं गेली. त्वचारोगाची माहिती त्वचारोगाच्या वर्तुळात फिरली. पंप बसवणारे त्या वर्तुळात नव्हते.

दुसरा प्रसंग मला त्याहून बोलका वाटतो. १९९२ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे या संस्थेने बांगलादेशाच्या काही भागांतलं भूजल तपासलं. बरीच मूलद्रव्यं मोजली. आर्सेनिक मोजलं नाही. पुढे एका आजारी बांगलादेशी माणसाने ब्रिटनमध्ये दावा लावला. तो थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि २००६ मध्ये फेटाळला गेला. न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं : लोकांना पिण्याचं पाणी पुरवण्यावर या संस्थेचा ताबा नव्हता, ती जबाबदारी तिने घेतली नव्हती, म्हणून तिचं त्या माणसाप्रती कायदेशीर कर्तव्य उभं राहत नाही.

कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. पण एका संस्थेने सोपवलेल्या कामापुरतं पाणी तपासलं, दुसऱ्यांनी पाण्यातले जंतू कमी केले, तिसऱ्याने रोग ओळखला. आणि या सगळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत कोट्यवधी माणसं पाणी पीत राहिली. आंतरविद्याशाखीय काम लागतं ते या मोकळ्या जागेसाठी, आणि घोडं पेंड खातं तेही इथेच. तिथे कोणता प्रश्न विचारायचा, हे कोणत्याच एका विषयाच्या अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं.

अशा प्रश्नांना एक नाव आहे. हॉर्स्ट रिटेल आणि मेल्व्हिन वेबर या बर्कलीच्या दोन प्राध्यापकांनी १९७३ मध्ये एका शोधनिबंधात त्यांना 'विकेड प्रॉब्लेम' म्हटलं. एक डिझाइनचा अभ्यासक, दुसरा नगररचनेचा. इथे विकेड म्हणजे दुष्ट नव्हे, हातातून निसटणारा, चिवट. गणितातला प्रश्न अवघड असला तरी तो काय आहे यावर वाद नसतो, आणि सुटला की सुटला. गरिबी, गुन्हेगारी, कुपोषण यांचं तसं नसतं. त्यांची व्याख्या करायला गेलं की उत्तराची दिशाही त्या व्याख्येतच ठरून जाते. मुलं शाळा सोडतात हा शिक्षणाचा प्रश्न म्हटला तर शिक्षकांकडे बघायचं, गरिबीचा म्हटला तर घरच्या उत्पन्नाकडे, वाहतुकीचा म्हटला तर रस्त्याकडे. शिवाय प्रत्येक उपाय परिस्थिती बदलून टाकतो, त्यामुळे पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येत नाही.

पंपांचंही तेच झालं. जुलाबावरचा उपाय म्हणून पंप आले, त्यांनी आर्सेनिक आणलं. आर्सेनिकवरचा उपाय म्हणून लोकांना पंप सोडायला सांगितलं. तेव्हा अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने असा निष्कर्ष काढला की जवळचा पंप सोडून लांबच्या किंवा उघड्या पाण्याकडे वळलेल्या घरांमध्ये बालमृत्यू वाढले असावेत. लांबून आणलेलं पाणी घरात साठतं, त्यात हात बुडतात, जंतू वाढतात. त्या आकड्यांवर वाद घालता येईल. पण आर्सेनिकवाला आणि जुलाबवाला वेगवेगळ्या खोल्यांत बसले तर हा पेच दोघांनाही दिसणार नाही, एवढं नक्की.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट इथे हमखास सांगितली जाते. ती मला या कामाला अपुरी वाटते. त्या गोष्टीत शेवटी एक डोळस माणूस असतो आणि त्याला अख्खा हत्ती दिसत असतो. आपल्या टेबलाशी तो माणूस नसतो. जो स्वतःला तसा समजतो, तो बहुतेक वेळा फक्त टीमचा प्रमुख असतो.

आता त्या टेबलाशी येऊ. पहिली मीटिंग. सगळे एकमेकांना छान समजतंय असं वाटत असतं, कारण सगळे तेच शब्द वापरत असतात.

'सुरक्षित' हा शब्द घ्या. जंतू मोजणाऱ्यासाठी विष्ठेतले जीवाणू सापडले नाहीत की पाणी सुरक्षित. आर्सेनिक मोजणाऱ्यासाठी मर्यादेच्या खाली असलं की सुरक्षित. आणि ती मर्यादा? जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस एका लिटरमध्ये १० मायक्रोग्रॅमची, बांगलादेशाचं अधिकृत मानक ५० चं. म्हणजे ४० मायक्रोग्रॅमचा पंप एका कागदावर लाल आणि दुसऱ्यावर हिरवा. पंपावर रंग लावणाऱ्याकडे डबे दोनच, त्याने ५० ची रेघ धरली. पाणी भरणाऱ्या बाईसाठी सुरक्षित म्हणजे आणखी वेगळं : वाटेत कोणी छेडणार नाही, दुसऱ्याच्या अंगणात अपमान होणार नाही.

'मॉडेल' हा असाच घातकी शब्द. अर्थतज्ज्ञाचं मॉडेल म्हणजे समीकरणं, संख्याशास्त्रज्ञाचं म्हणजे आकडेवारीला बसवलेली रेषा, वास्तुरचनाकाराचं पुठ्ठ्याचं, आणि शासनातल्या माणसाचं मॉडेल म्हणजे दुसरीकडे यशस्वी झालेली योजना. "आपण आधी मॉडेल ठरवू" या वाक्यावर चौघांनी मान डोलावली तर चौघांनी चार वेगवेगळ्या गोष्टींना होकार दिलेला असतो. हे सहा महिन्यांनी उघडकीला येतं, तोवर निम्मा निधी संपलेला असतो. अनोळखी तांत्रिक शब्द त्या मानाने निरुपद्रवी. तो कळला नाही तर माणूस विचारतो तरी. ओळखीचा शब्द कोणी विचारत नाही.

शब्दांची गाठ तरी बसून सुटते. पुराव्याची सुटायला जास्त त्रास होतो. एखादी गोष्ट 'सिद्ध झाली' असं कधी म्हणायचं, हे प्रत्येक विषय आपल्या विद्यार्थ्यांना इतक्या लवकर आणि इतक्या खोलवर शिकवतो की ते शिकवलेलं आहे हेच नंतर लक्षात राहत नाही. वैद्यकाच्या माणसाला चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी हवी : अर्ध्यांना उपाय द्या, अर्ध्यांना देऊ नका, फरक मोजा. मानववंशशास्त्रज्ञ वर्षभर एका वस्तीत राहून ३० माणसांशी बोलतो आणि म्हणतो, मला कारण कळलं. पहिल्याच्या दृष्टीने दुसऱ्याकडे किस्से आहेत. दुसऱ्याच्या दृष्टीने पहिल्याने माणसांना न भेटता सरासरी काढली.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटते त्यात अस्वच्छतेचा वाटा मोठा आहे, असं निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांमधून वाटत होतं. मग बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेमध्ये मोठ्या चाचण्या झाल्या. गावांना चिठ्ठ्या टाकून शौचालयं, हात धुण्याची सोय, पाण्यात टाकायचं क्लोरीन, पोषण अशा वेगवेगळ्या जोड्या दिल्या. निष्कर्ष २०१८ आणि २०१९ मध्ये आले. पोषणाने उंचीत थोडी भर पडली; पाणी, शौचालय आणि हात धुण्याने उंचीत फरक पडला नाही.

आता खोलीत काय होतं बघा. चाचणीवाला म्हणतो, स्वच्छतेने उंची वाढते हे गृहीतक पडलं. इंजिनिअर म्हणतो, अहो, तुम्ही दिलेलं साधं शौचालय आणि क्लोरीन म्हणजे स्वच्छता नव्हे. अंगणात कोंबड्या, ओल्या मातीत रांगणारं मूल, शेजारच्या घराची घाण तशीच. नळाचं पाणी आणि गटारं देऊन बघा. तिसरा म्हणतो, वाढ खुंटायला सुरुवात आईच्या पोटातच होते, तुम्ही उशिरा आलात. आकडे तेच, आणि त्यांच्यावर कोणाचाच आक्षेप नाही. वाद आहे तो या आकड्यांमधून कशाचा निकाल लागला यावर. असा वाद मिटवायला चौथी चाचणी पुरत नाही. 'कोणता निकाल आला तर मी माझं मत बदलेन' हे प्रत्येकाने चाचणीच्या आधी कागदावर लिहून ठेवलेलं असावं लागतं. ते लिहायला बसलं की कळतं, अर्ध्या टीमला तो प्रश्नच मान्य नव्हता.

एवढं सगळं असूनही निदान ज्याला जे माहीत आहे ते तो बोलेल, अशी आपली समजूत असते. मानसशास्त्रज्ञ गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये तिला चांगलाच धक्का दिला. प्रयोग साधा होता. विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षपदासाठी तीन काल्पनिक उमेदवार. चार-चार जणांच्या गटांनी चर्चा करून एक निवडायचा. पहिला उमेदवार सरस होता, पण काही गटांमध्ये त्याच्या चांगल्या बाजू चौघांत वाटून दिल्या होत्या, प्रत्येकाकडे थोड्या. दुसऱ्याच्या चांगल्या बाजू मात्र सगळ्यांकडे होत्या. चौघांनी आपापल्याकडचं सगळं टेबलावर मांडलं असतं तर पहिलाच निवडून आला असता. बहुतेक गटांनी दुसरा निवडला. चर्चा फिरत राहिली ती सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींभोवती. फक्त एकालाच माहीत असलेली गोष्ट एकतर निघाली नाही, किंवा निघाली आणि कोणी उचलून धरली नाही.

वेगवेगळ्या विषयांची टीम बनवतात ती याच एकट्या-एकट्याला माहीत असलेल्या गोष्टींसाठी. आणि चर्चेत आधी गळतात त्या त्याच. मी काही सांगितलं आणि शेजारच्याने "हो, आमच्याकडेही असंच" म्हटलं, की दोघांनाही बरं वाटतं. मी असं काही सांगितलं जे दुसरं कोणीच पडताळू शकत नाही, तर खोलीत क्षणभर शांतता पसरते आणि पुढचा मुद्दा घेतला जातो. त्यात बोलणारी व्यक्ती सर्वात तरुण असेल किंवा तिच्या विषयाला 'मऊ' शास्त्र समजत असतील, तर ती शांतता आणखी लांबते.

टेबलाशी खुर्चीच नसलेल्यांचं तर विचारायलाच नको. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर किरणोत्सर्गी सीझियम पावसातून उत्तर इंग्लंडच्या कंब्रियातल्या डोंगरांवर पडलं. जूनमध्ये सरकारने तिथल्या मेंढ्या हलवायला आणि कापायला बंदी घातली. तीन आठवड्यांत सगळं निवळेल, असं सांगितलं. हा अंदाज चिकणमातीच्या जमिनीवर बेतलेला होता. चिकणमाती सीझियम घट्ट धरून ठेवते. डोंगरावरची जमीन आम्लयुक्त, कुजलेल्या वनस्पतींची. तिथे सीझियम गवतात आणि गवतातून मेंढ्यांत फिरत राहिलं. शेवटची बंधनं उठली २०१२ मध्ये.

समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी त्या मेंढपाळांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. शास्त्रज्ञांनी सीझियम शोषणारं खनिज जमिनीवर वेगवेगळ्या प्रमाणात पसरलं आणि प्रत्येक तुकड्यावर कुंपण घालून त्यात मेंढ्या ठेवल्या. प्रयोग म्हणून अगदी नीटनेटका. मेंढपाळ म्हणाले, या मेंढ्या उघड्या डोंगरावर चरणाऱ्या आहेत, कोंडल्या तर त्या खंगतील, तुमची मोजमापं फसतील. कोणी ऐकलं नाही. पुढे तो प्रयोग त्याच कारणाने गुंडाळावा लागला, आणि मेंढपाळ बरोबर होते हे कोणी कुठे नोंदवलंही नाही. मेंढपाळाचं ज्ञान हीसुद्धा एक विद्याशाखाच होती. तिला विभागप्रमुख नव्हता, एवढंच.

आता थोडं पोटापाण्याचं, कारण ते टाळून हा विषय पुरा होत नाही. गणितात आणि अर्थशास्त्रात शोधनिबंधावर लेखकांची नावं बहुधा आडनावांच्या वर्णक्रमाने येतात. वैद्यकात पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. दोघांनी मिळून एक निबंध लिहिला तर कोणाचं नाव कुठे? हसण्यावारी नेऊ नका, यावरून लोक वर्षानुवर्षं बोलेनासे होतात. इतिहासकाराची बढती पुस्तकावर, संगणकशास्त्रज्ञाची परिषदेतल्या निबंधावर. कोणाचं काम १५ दिवसांत होतं, कोणाला एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघावाच लागतो. आणि निधी? ऑस्ट्रेलियन रिसर्च काउन्सिलच्या एका योजनेकडे पाच वर्षांत आलेल्या १८,४७६ प्रस्तावांचं विश्लेषण २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. प्रस्तावात जितके लांबलांबचे विषय एकत्र, तितकी मंजुरीची शक्यता कमी. भाषणांमध्ये सगळे आंतरविद्याशाखीय कामाची आरती करतात. प्रस्ताव तपासणाऱ्याला मात्र निम्मा प्रस्ताव परका वाटतो आणि निम्मा उथळ.

मग हे कधी जमतंच नाही का? जमतं. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीत ते जमलेलं दिसतं, जरी उशिरा. २०१४ ते २०१६ या काळात २८,००० हून जास्त लोकांना लागण झाली, ११,००० हून जास्त गेले. इबोलाने मेलेल्या माणसाचं शरीर अतिशय संसर्गजन्य असतं आणि तिथल्या रीतीप्रमाणे नातेवाईक ते धुतात, स्पर्श करतात. साथरोगशास्त्राचं उत्तर सरळ होतं : प्रेत पिशवीत भरा, जंतुनाशक फवारा, पुरा. ते अचूक होतं. लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली, पथकांवर दगड पडले. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतल्या वोमे गावात अशा एका पथकातले आठ जण मारले गेले.

त्याच गिनीत, त्याच वर्षी, किसी समाजातली एक गरोदर बाई इबोलाने गेली. समाजाचा नियम असा की पोटातलं मूल बाहेर काढल्याशिवाय आईला पुरायचं नाही, नाहीतर जगाची घडी मोडते. डॉक्टरांसाठी त्या शरीरावर शस्त्रक्रिया म्हणजे मृत्यूला आमंत्रण. दोघांपैकी कोणीच मागे हटू शकत नव्हतं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. जागतिक आरोग्य संघटनेबरोबर काम करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ ज्युलिएन अनोको यांनी नियम चूक की बरोबर यात न पडता वेगळंच विचारलं : हा नियम मोडला गेला तर तुमच्याकडे त्यावर काही उपाय आहे का? जुन्या जाणत्यांमध्ये शोध घेतला तेव्हा एक प्रायश्चित्ताचा विधी निघाला. त्याचा खर्च संघटनेने केला. विधी झाला, बाईला न चिरता सुरक्षितपणे पुरलं.

यात तडजोड कुठेच नव्हती. साथरोगतज्ज्ञाने आपली अट एका इंचानेही सोडली नाही, कुटुंबाचीही रीत पाळली गेली. फक्त 'शस्त्रक्रिया करायची की नाही' या प्रश्नाच्या जागी दुसरा प्रश्न आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दफनाची नवी पद्धत जाहीर केली. तिच्या नावातच 'सुरक्षित' च्या जोडीला 'सन्मानपूर्वक' हा शब्द आला. कुटुंबाला सहभागी करून घेणं, धर्मगुरूची प्रार्थना, मुस्लिमांसाठी पाण्याशिवाय करायची शुद्धी, कफन, असं सगळं त्यात होतं. ती ठरवताना मानववंशशास्त्रज्ञ आणि धर्मगुरू बरोबर होते.

विज्ञानाचे इतिहासकार पीटर गॅलिसन यांनी अशा ठिकाणांना 'ट्रेडिंग झोन' म्हटलंय. दोन टोळ्या बाजारात भेटतात. एकमेकींचे देव, नाती, जगाच्या कल्पना त्यांना कळत नाहीत. तरी मासे आणि पीठ यांची अदलाबदल तोडक्यामोडक्या भाषेत होते. टीममधल्या प्रत्येकाने प्रत्येक विषय शिकावा, ही अपेक्षा म्हणूनच मला भाबडी वाटते. बाजारापुरती भाषा पुरते. पण ती बोलायला रोज बाजारात यावं लागतं. तीन महिन्यांतून एकदा ऑनलाइन मीटिंगला हजेरी लावून ती येत नाही. सुझन ली स्टार आणि जेम्स ग्रिसेमर यांनी १९८९ मध्ये याच्याच शेजारची एक कल्पना मांडली, 'बाउंड्री ऑब्जेक्ट' : अशी वस्तू जी प्रत्येक गट आपापल्या परीने वाचतो, तरी सगळ्यांच्या हातात ती एकच असते. नकाशा, नोंदवही, अर्जाचा नमुना. किंवा पंपावरचा रंग.

पुन्हा पंपाकडे येतो. ढाक्याजवळच्या आराइहाजार भागात कोलंबिया विद्यापीठ आणि बांगलादेशी संशोधकांनी २००० पासून एक काम धरलं आणि सोडलं नाही. भूरसायनवाले, साथरोगवाले आणि समाजशास्त्रं-अर्थशास्त्रवाले एकाच २५ चौरस किलोमीटरमध्ये, त्याच पंपांवर, त्याच सुमारे १२,००० माणसांबरोबर. एकाने पंपांचा नकाशा केला तेव्हा दिसलं की लाल पंपापासून थोड्याच अंतरावर बऱ्याचदा हिरवा पंप असतो. गाळ इतका चट्ट्यापट्ट्यांचा आहे. ही माहिती भूगर्भातली, पण तिचा अर्थ सामाजिक होता : अनेकांना नव्या यंत्राची गरज नाही, शेजाऱ्याची गरज आहे. आपला पंप लाल आहे हे कळल्यावर तिथल्या सुमारे ६० टक्के लोकांनी दुसऱ्या पंपाची वाट धरली. कुठलंही महागडं फिल्टर न देता.

उरलेल्यांचं काय, हा प्रश्न नकाशातून सुटत नाही. खोल बोअर हा एक उपाय. १५० मीटरच्या खाली पाणी सहसा चांगलं लागतं. पण सरकारी खोल पंप कोणाच्या दाराशी बसतो? ह्यूमन राइट्स वॉचने २०१६ च्या अहवालात लिहिलं की वशिला असलेल्यांच्या दाराशी, कधी थेट खासगी आवारात. इथे टेबलाशी राज्यशास्त्राची खुर्ची रिकामी होती.

आणि रंग उडाला. ऊन, पाऊस आणि रोजची धुणीभांडी. काही वर्षांत लाल की हिरवा हे ओळखू येईना. दरम्यान असंख्य नवे पंप बसले, त्यांतले बरेच कोणी तपासलेच नाहीत. रंग टिकतो किती दिवस, तो पुन्हा लावायचा कोणी, हे कोणाच्याच प्रस्तावात नव्हतं.

पहिल्या तपासणीनंतर १२ वर्षांनी आराइहाजारमधले पंप पुन्हा तपासले गेले. या वेळी रंगाऐवजी पंपाला धातूची पट्टी लावली. पट्ट्यांचे रंग तीन होते. ५० च्या वर लाल, १० ते ५० हिरवा, आणि १० च्या खाली निळा.